साखरेची पिशवी

दिवाळीच्या आधी आठवडाभर गावाहून साखर येते. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावाकडच्या सहकारी कारखान्यात आजोबांचा शेअर होता, तो आता काकांच्या नावावर आहे. सभासदांना दरवर्षी सवलतीच्या दरात साखर मिळते, त्यातली दहा किलो काका पुण्याला आमच्याकडे पाठवतात. आई होती तोवर त्या पिशवीतला पहिला चमचा देवापुढे जायचा. दुकानातली साखर कुणाचीही असेल, ही आपल्या उसाची, असं आम्हाला कायम वाटत आलं.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते लांब उभं राहून लिहिलेलं नाही. साखर माझ्या घरात येते, मी चहा गोड पिते, आणि पैशाचा तो धागा माझ्या हातातून जातो.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत गावी गेले होते, तेव्हा आमच्या उसाला तोड आली होती. बीडकडची टोळी होती, आठ कोयत्यांची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. नवरा ऊस बुडातून तोडतो, बायको पाचट काढते, वाढं म्हणजे शेंडे छाटते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवते. ट्रॉलीला एक अरुंद फळी लावलेली असते. दव पडून ती निसरडी झालेली असते. त्या फळीवरून मोळी घेऊन चढणारी बाई पाहताना आपले पाय आपोआप आवळले जातात.

मी चहाची किटली घेऊन फडात गेले होते. तिशीच्या आतबाहेरची एक बाई कंबर धरून बांधावर बसली होती. तिचं लेकरू ट्रॉलीच्या सावलीत झोळीत झोपलं होतं. मी विचारलं, पोट दुखतंय का? ती म्हणाली, "पोटात काय राह्यलंय आता ताई. पिशवी काढलीय, दोन वर्सं झाली. कंबरच धरती नुसती." दाढ काढली म्हणून सांगावं, तशा आवाजात. का काढली, तर सारखं अंगावरून जायचं, कामाचे खाडे पडायचे, आणि डॉक्टरनं सांगितलं काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतले होते. ते अजून फिटायचे होते.

बाजाराला नेतो तीही पिशवी आणि बाईच्या पोटात असते तीही पिशवीच. ही आपल्या भाषेतली साधी गोष्ट आहे, पण त्या दिवसापासून दुकानात साखर मागताना तो शब्द माझ्या तोंडात अडखळतो.

तेव्हा मला वाटलं होतं की हे एका बाईचं दुखणं आहे. नंतर आकडे बाहेर आले. जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशयं काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे दर सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या थोडं वर आहे. पाळीच्या दिवसांत फडात आडोसा नाही, कोपीजवळ, म्हणजे राहायच्या झोपडीजवळ, संडास नाही, धुवायला पाणी नाही, पहाटे तीन-चारपासून ओझी उचलायची, आजार अंगावर काढायचा, आणि शेवटी एखाद्या खाजगी दवाखान्यात कायमचा "निकाल" लावून घ्यायचा. हे एका डॉक्टराच्या लोभाचं किंवा एका बाईच्या अज्ञानाचं काम नाही. कामाची मांडणीच अशी आहे की बाईचं शरीर त्यात अडचण ठरतं.

ती मांडणी समजून घेतल्याशिवाय आपल्या वाट्याचा प्रश्न नीट विचारताच येत नाही. पावसाळ्यात, हातात काम नसताना, मुकादम कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त. दसऱ्यानंतर टोळी घर सोडते आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, ती उचल अंगमेहनतीनं फेडते. जोडीतलं एक जण आजारी पडलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढतात. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर ती पुढच्या वर्षावर जाते. पूर्ण कोयता लागतो म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या मुलींची लग्नं उरकली जातात. मजुरी जोडीची धरतात आणि ती नवऱ्याच्या हिशेबात लिहिली जाते. बाईच्या नावाचा कागद कुठेच नसतो. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. आगाऊ पैसे देऊन माणसाला कामाशी बांधून ठेवू नये, हेच तो सांगतो.

आता कुणालाही विचारा, या बाईचा मालक कोण? कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, आमचा करार वाहतूकदाराशी आणि मुकादमाशी आहे. मुकादम म्हणतो, पैसा कारखान्याचा, मी मधला माणूस, उचल बुडवून टोळी पळाली तर माझं शेत जातं, आणि हेही खोटं नाही. शेतकरी म्हणतो, तोडणी-वाहतूक माझ्याच बिलातून कापून घेतात, वर तोड सोपी व्हावी म्हणून फड पेटवून देऊ नये, यासाठी टोळीला चहापाणी आणि खुशाली मी देतो, माझ्याकडे कसले बोट दाखवता? साखर घेणारी मोठी कंपनी म्हणते, आम्ही कारखान्याकडून माल घेतो, शेतात काय होतं ते आमच्या हाती नाही. मार्च २०२४ मध्ये न्यू यॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट ही पत्रकारिता करणारी संस्था यांनी महाराष्ट्रातल्या याच फडांपासून कोका-कोला आणि पेप्सिको यांच्या पुरवठ्यापर्यंतची साखळी जगासमोर मांडली, तेव्हा आपल्याकडे थोडे दिवस चर्चा झाली. आणि साखळीच्या शेवटी मी आहे, किराणा दुकानात, हातात पिशवी घेऊन. मी म्हणते, मी तर फक्त साखर घेतली.

प्रत्येकाचं म्हणणं थोडं थोडं खरं आहे. म्हणूनच ही व्यवस्था इतकी वर्षं टिकली आहे. दोष इतक्या बारीक तुकड्यांत वाटला गेला की कुणाच्याही पानात तो दिसेनासा झाला.

लहानपणी आपण सगळ्यांनी वाल्याची गोष्ट ऐकलेली आहे. तो घरच्यांना विचारायला जातो, माझ्या पापात वाटेकरी होता का, आणि घरचे नाही म्हणतात. गोष्ट तिथून वाल्याच्या मागे जाते, घरच्यांचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. पण लुटीचं धान्य त्या घरात शिजत होतं. पापाला नाही म्हणणाऱ्यांनी भाकरीला कधी नाही म्हटलं नव्हतं. मला त्या गोष्टीत आता घरचीच माणसं दिसतात, कारण आपण ती आहोत.

मग आपण गुन्हेगार आहोत का? मला तसं वाटत नाही, आणि असं म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून जो तो विकत घेतो, त्याला कायदाही शिक्षा करतो. पण तिथे घेणाऱ्याच्या भरवशावरच चोर चोरी करतो. साखरेचं तसं नाही. माझ्या एका किलोसाठी कुणी कुणाची पिशवी काढली नाही, आणि मी ती न घेतल्यानं कुणाची वाचणारही नाही. दोष देऊन काही उपयोगही होत नाही. ज्याच्यावर दोष ठेवावा तो एक तर चिडतो किंवा काही दिवस खिन्न होऊन विसरून जातो. पण दोष नसला म्हणून देणं संपत नाही. शेजाऱ्यानं दुसऱ्याच्या विहिरीतून चोरून आणलेलं पाणी माझ्या शेतात वळलं आणि माझं पीक त्यावर आलं, तर चोर मी नाही, पण विहीरवाल्याचं काही देणं माझ्याकडे नक्की लागतं, आणि हे मला कळल्यावर तर मी ते नाकारूच शकत नाही. साखर घेणारा प्रत्येक माणूस या स्त्रियांचा देणेकरी आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी अगदी शब्दशः म्हणते आहे.

देणं म्हटलं की हिशेब आला. तो मांडून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये, संपाच्या दबावानंतर आणि शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीनं, तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि मूळ दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ च्या घरात गेला. एक टन उसातून साधारण शंभर ते एकशेदहा किलो साखर निघते. म्हणजे तेव्हा दुकानात चव्वेचाळीस-पंचेचाळीस रुपयांना मिळणाऱ्या एका किलोमागे तोडणी करणाऱ्या जोडीच्या हातात सुमारे साडेतीन रुपये पडत होते, दोघांचे मिळून. आणि त्याच उसाची मळी, बगॅस म्हणजे चोथा, त्यांतून होणारं इथेनॉल आणि वीज मी यात धरलेलीच नाही. चांगला फड लागला तर एक जोडी दिवसाला दोन टन तोडते. सातशे-साडेसातशे रुपये, पहाटेपासून रात्री ट्रॉली भरेपर्यंत, दोन माणसांचे. मुकादमाचं कमिशन कारखाना वेगळं देतो. उचलीचा हप्ता मात्र या पैशांतूनच वळता होतो.

हा हिशेब समजल्यावर पहिला विचार मनात येतो तो साखर सोडण्याचा. माझ्या मनातही आला. आणि या विचाराला मोठा, मानाचा इतिहास आहे, नेमका साखरेचाच. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेनं गुलामांच्या व्यापारावर बंदी आणण्याचा खासदार विल्बरफोर्सचा प्रयत्न हाणून पाडला. त्याच वर्षी विल्यम फॉक्स या माणसानं एक पत्रक काढलं. वेस्ट इंडीजमधली साखर गुलामांच्या रक्तानं पिकते, ती खाऊ नका. त्यानं हिशेबही मांडला होता: आठवड्याला पाच पौंड साखर खाणाऱ्या कुटुंबानं एकवीस महिने ती सोडली, तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळेल. सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडली असा गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या थॉमस क्लार्कसनचा अंदाज होता. घरातल्या खरेदीवर बायकांचा हात होता, त्यामुळे ज्यांना मताचा अधिकार नव्हता त्या स्त्रियांना या चळवळीत पहिल्यांदा सार्वजनिक शब्द मिळाला. पुढे १८२० च्या दशकात तिथल्या घरांत साखरेच्या वाट्यांवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असे की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी बनवलेली नाही. म्हणजे विवेकाला चालणारी साखर तेव्हा आपल्या देशातून जात होती. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

पण त्या इतिहासातून नक्की काय घ्यायचं? साखर सोडल्यामुळे गुलामगिरी संपली नाही. गुलामांचा व्यापार बंद व्हायला १८०७ उजाडलं, गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ चा. मात्र साखर सोडणारी माणसं तिथेच थांबली नाहीत. १७९२ मध्ये संसदेकडे ५१९ अर्ज गेले. चहाच्या पेल्यापाशी सुरू झालेली गोष्ट सहीपर्यंत गेली, आणि माझ्या मते खरं काम त्या सहीनं केलं. साखर सोडणं म्हणजे स्वतःला जागं ठेवण्याची रीत होती.

आणि आपल्या प्रश्नात एक मोठा फरक आहे. वेस्ट इंडीजमधल्या गुलामाला साखर विकली गेल्यानं काहीच मिळत नव्हतं, त्यामुळे ती न विकली गेल्यानं त्याचं काही बुडणारही नव्हतं. बीड, जालना, अहिल्यानगरच्या पूर्वेकडची कोरडवाहू गावं, तिथलं कुटुंब ऊसतोडीला जातं ते दुसरं काही हाताला नाही म्हणून. उद्या खरंच लाखो लोकांनी साखर सोडली आणि कारखाने महिनाभर आधी बंद झाले, तर पहिला फटका चेअरमनला बसणार नाही. न फिटलेली उचल अंगावर घेऊन घरी परतणाऱ्या कोयत्याला बसेल. तोडणी यंत्रं येत आहेतच. उद्या सगळा ऊस यंत्रानं तोडला जाईल, साखर "स्वच्छ" होईल, आणि या बायकांचं नाव कुठल्याच बातमीत येणार नाही. त्या तेव्हा कुठे असतील, हा प्रश्न माझ्या साखरेच्या डब्यापेक्षा मोठा आहे.

म्हणून "मी त्यातली नाही" म्हणत हात धुऊन बाजूला होण्याबद्दल मला शंका आहे. शहरातल्या माझ्या ओळखीच्या कित्येक घरांनी साखर सोडून गूळ धरला आहे. तब्येतीसाठी असेल तर त्यांचं त्यांनी ठरवावं. पण गुळाकडे वळल्यानं आपण या सगळ्यातून मोकळे झालो असं वाटत असेल, तर तेवढं खरं नाही. गुऱ्हाळाचा ऊसही कोणीतरी वाकून तोडलेलाच असतो, आणि चुलवाणापाशी दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाकडेही आपण कधी बघितलेलं नसतं. सेंद्रिय असा शिक्का जमिनीत काय घातलं ते सांगतो. मोळी कुणी उचलली, ते त्यावर लिहिलेलं नसतं.

मग बहिष्कार कधीच करू नये का? करावा, पण कुणाच्या हाकेवर, हे पाहून. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात इमोकाली नावाचं गाव आहे, तिथे टोमॅटो तोडणारे स्थलांतरित मजूर आहेत. त्यांचीही गोष्ट आपल्यासारखीच होती, मजुरी तुटपुंजी, मध्ये ठेकेदार, काही ठिकाणी तर सरळ वेठबिगारी. मजुरांनी स्वतःची संघटना बांधली. मळेवाले दाद देईनात, तेव्हा २००१ मध्ये त्यांनी टोमॅटोचा मोठा गिऱ्हाईक असलेल्या टाको बेल या खानावळींच्या साखळीवर बहिष्काराची हाक दिली. मागणी साधी होती: पौंडामागे एक सेंट जास्त द्या, तो सेंट थेट मजुराच्या हाती पडू द्या, आणि जो मळेवाला मजुरांचे हाल करेल त्याचा माल घेऊ नका. देशभरातल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या कॉलेजातून त्या खानावळी हटवायला लावल्या. २००५ मध्ये कंपनीनं मान्य केलं. मग मॅकडोनाल्ड्स आलं, २०१४ मध्ये वॉलमार्ट आलं. तिथे गिऱ्हाइकांनी टोमॅटो सोडले नाहीत. त्यांनी मजुरांच्या सांगण्यावरून एका ठरावीक दारावर, एका ठरावीक मागणीसाठी, ती पुरी होईपर्यंत धरणं धरलं. आपल्या मनाच्या समाधानासाठी केलेला त्याग आणि दुसऱ्याच्या लढ्यात दिलेला हात, यांतला फरक मला इथे दिसतो.

तो एक सेंट आपल्याकडे आणून पाहा. किलोमागे एक रुपया. एक टन उसामागे तो शंभर-एकशेपाच रुपये होतो. २०२४ च्या त्या तोडणी दरात जवळजवळ तीस टक्क्यांची भर. चार माणसांच्या घराला महिन्याला तीन-चार रुपये पडतील. अर्थात नुसता रुपया वाढवून भागणार नाही, तो वाटेत मुरेल, हे आपण सगळे जाणतो. तो रुपया बाईच्या नावावरच्या खात्यात गेला पाहिजे. कोयत्यातला तिचा अर्धा हिस्सा तिच्या नावानं लिहिला गेला पाहिजे. माझ्या लेखी सगळ्यात मोठी मागणी हीच आहे, कारण जिचं नावच हजेरीत नाही तिचा आजार, तिची रजा, तिची नुकसानभरपाई यांतलं काहीच उभं राहत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी गाळपावर टनामागे रक्कम घेण्याची तरतूदही झाली आहे. म्हणजे उसाच्या टनावर मजुराचा हक्क आहे हे तत्त्व सरकारनं मान्य केलेलं आहे. प्रश्न रक्कम, वाट आणि हिशेब यांचा उरतो, आणि हिशेब मागणं हे गिऱ्हाइकाचंही काम आहे.

यावर एक आक्षेप मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. साखर गरिबाचीही असते. ज्या घरात दूध परवडत नाही तिथे लेकराला साखरेचं पाणी देतात, त्या घरावर रुपया का चढवायचा? याचं उत्तर साखर कुठे जाते ते पाहिलं की मिळतं. देशातली निम्म्याहून जास्त साखर घरात येतच नाही. ती थंड पेयांत, बिस्किटांत, आइस्क्रीममध्ये, मिठाईत जाते, ट्रकनं विकत घेतली जाते. पहिला रुपया तिथून घ्यावा. हजारो टन साखर घेणारी कंपनी कारखान्याला विचारू शकते की तुमच्या मजुरांच्या तळावर संडास आहे का, आणि उत्तर मिळेपर्यंत ऑर्डर थांबवू शकते. साखरेचा रंग आणि दाणा ती तपासतेच. माझ्यासारखीचा एक किलो कुणाला जाणवत नाही, पण त्या कंपनीला पत्र लिहिणारे हजार लोक तिला जाणवतात.

दुसरा आक्षेप नेहमीचा: मग मोबाइलमधलं कोबाल्ट, शर्टाचा कापूस, सगळ्यातच काही ना काही आहे, कुठे कुठे पाहणार? सगळीकडे पाहता येत नाही, हे खरं. म्हणून जिथे आपल्याला नीट दिसतं आणि जिथे आपला हात पोचतो, तिथे तरी पाहावं. कोबाल्टच्या खाणीत मला कुणी ओळखत नाही, साखर कारखान्याच्या दारात मला नावानं ओळखतात. महाराष्ट्रातल्या लाखो घरांचं तसंच आहे. कुणाचा भाऊ सभासद, कुणाचा मामा संचालक, कुणाचं शिक्षण कारखान्याच्या कॉलेजात. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा मालक आणि मजूर या जुन्या रचनेतून शेतकऱ्याला बाहेर काढायचं होतं. तो बाहेर आलाही. आमची दोन पिढ्यांची शिक्षणं त्या साखरेवर झाली, मी ते कधी विसरणार नाही. पण सहकार सभासदापाशी थांबला, तोडणाऱ्यापर्यंत पोचला नाही. आणि सहकारी कारखान्यात मालक म्हणून बोट दाखवायला कुणी शेठ नसतो. मालक म्हणजे सभासद. म्हणजे काका. म्हणजे, दहा किलोपुरती का होईना, मी.

हे मी काकांशी पहिल्यांदा बोलले तेव्हा ते दुखावले. म्हणाले, "तोडणी माझ्या बिलातून जाते, खुशाली मी देतो, ऊस वेळेत जात नाही म्हणून वजनात मार मी खातो, आणि तू पुण्यात बसून मला शिकवतेस." त्यांचं दुखणं खरं होतं. शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यावी लागते ती कायद्यानं, आणि तीही चौदा दिवसांत मिळावी म्हणून त्याला रस्त्यावर उतरावं लागतं. त्याच्या पैशातून मजुराचं देणं भागवा असं मी म्हणत नाही. पण त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी त्या बाईकडे नाही, सभेत उभं राहून बोलण्याचा हक्क. काकांना हे पटायला एक हंगाम जावा लागला. त्या वर्षीच्या तोडीत एका बाईचा पाय ट्रॉलीच्या फळीवरून घसरला, आणि कारखान्याच्या माणसानं "ती आमची कामगार नाही" म्हणून दवाखान्याच्या कागदावर सही नाकारली. काकांनी आपल्या जीपमधून तिला तालुक्याला नेलं.

गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत ते उभे राहिले. शौचालयांबद्दल विचारलं. व्यासपीठावरून उत्तर आलं की मजूर मुकादमाचे आहेत, हा विषय विषयपत्रिकेवर नाही. पुढचा विषय सुरू झाला.

या वर्षी प्रश्न लेखी दिला आहे, मुदतीच्या आत, पोच घेऊन. प्रत्येक तळावर पाणी आणि शौचालय किती ठिकाणी आहे, तोडणीचे पैसे बाईच्या खात्यात वेगळे जमा करण्याची व्यवस्था कधी करणार, हंगामात तळावर स्त्री डॉक्टर किती वेळा आली, आणि आपली साखर घाऊक घेणाऱ्या कंपन्यांपैकी कुणी कधी हे विचारलं आहे का. पत्रावर अकरा सभासदांच्या सह्या आहेत. त्यांपैकी चार बायका आहेत. त्यांच्या नावावर शेअर आहेत, पण सभेला आजवर त्यांच्यातली एकही गेलेली नाही. या वेळी जाणार म्हणतात. सभा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे.